हॉटेलमध्ये सामान हरवले किंवा खराब झाले तर: मालकाची कायदेशीर जबाबदारी आणि भरपाई मागण्याच्या पायऱ्या

हॉटेलात एखादी वस्तू गेली की वाद बहुतेक वेळा किमतीपासून सुरू होतो. अंगठी खरोखरच दोन लाखांची होती का, बॅगेत रोख रक्कम होती याला पुरावा काय, लॅपटॉप आधीच बिघडलेला नव्हता कशावरून, असे प्रश्न विचारले जातात. पाहुणा त्यांची उत्तरे देत बसतो आणि ज्या प्रश्नावर निकाल अवलंबून असतो तो विचारायचाच राहतो. तो प्रश्न असा, की वस्तू नाहीशी झाली त्या वेळी ती कोणाच्या ताब्यात होती? ताबा हॉटेलकडे होता असे दाखवता आले, तर ती कशी गेली याचा खुलासा करण्याची जबाबदारी हॉटेलवर येते. ताबा पाहुण्याकडेच राहिला असेल, तर हॉटेलचा निष्काळजीपणा नेमका कोणता, हे पाहुण्याला दाखवून द्यावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या भेदावर उभ्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कायदा कशाला जबाबदारी म्हणतो

पाहुण्याच्या सामानाबाबत हॉटेलमालकाची जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. इंग्लंडमध्ये १५८४ च्या एका जुन्या निवाड्यापासून अशी परंपरा होती, की सराईच्या हद्दीत पाहुण्याचे सामान गेले तर चूक कोणाची हे न पाहता सराईवाल्याला जबाबदार धरावे. नैसर्गिक आपत्ती, शत्रूचा हल्ला किंवा पाहुण्याची स्वतःची चूक एवढेच अपवाद. आपल्याकडच्या न्यायालयांनी हा कठोर नियम जसाच्या तसा उचलला नाही. १९२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ‘जान अँड सन’ खटल्यात हॉटेलचालकाची जबाबदारी भारतीय करार कायद्याच्या चौकटीत तपासली, आणि तेव्हापासून मुख्य आधार तोच राहिला आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे, या व्यवहाराची व्याख्या आहे. कायद्याच्या मराठीत याला निक्षेप म्हणतात. आपण या लेखात ‘सोपवणे’ म्हणू. कलम १४९ सांगते की प्रत्यक्ष हातात देणेच आवश्यक नाही. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाईल अशी कोणतीही कृती पुरते. गाडीची किल्ली दारावरच्या वॅलेच्या, म्हणजे पाहुण्यांच्या गाड्या लावणाऱ्या हॉटेलच्या कर्मचाऱ्याच्या, हातात देणे ही अशीच कृती आहे. कलम १५१ काळजीचे मोजमाप ठरवते. तितक्याच प्रमाणाच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची सर्वसाधारण समंजस माणूस त्याच परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी सोपवून घेणाऱ्याने घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेतली असेल, तर कलम १५२ त्याला नुकसानीच्या जबाबदारीतून मोकळे करते. म्हणजे आपला कायदा हॉटेलकडे विमा कंपनी म्हणून पाहत नाही. तो समंजस माणसाची काळजी मागतो आणि ती घेतल्याचा पुरावा मागतो.

एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कलम १५१ मधील काळजीची पातळी पैसे घेतले की नाहीत यावर बदलत नाही. पंढरपूर किंवा शिर्डीसारख्या ठिकाणी एखाद्या धर्मशाळेने यात्रेकरूचे गाठोडे विनाशुल्क ठेवून घेतले, तरी ‘फुकट ठेवले होते’ हा बचाव करार कायद्यात पुरेसा नाही. मात्र ग्राहक आयोगात जायचे असेल तर सेवेसाठी मोबदला दिलेला असावा लागतो, त्यामुळे पूर्णपणे विनामूल्य निवासाच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो.

ताज महाल हॉटेलचा निकाल

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत स्पष्ट निकाल १४ नोव्हेंबर २०१९ चा आहे. दिल्लीतील ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी असे ते प्रकरण. १ ऑगस्ट १९९८ रोजी रात्री अकराच्या सुमारास एक पाहुणा आपली मारुती झेन घेऊन हॉटेलात आला, त्याने गाडी आणि किल्ली वॅलेकडे दिली आणि पावती घेतली. रात्री एकच्या सुमारास तो बाहेर आला, तेव्हा त्याची गाडी दुसऱ्याच कोणीतरी नेल्याचे त्याला सांगण्यात आले. वेगळ्या गाडीतून आलेले तीन तरुण आपली गाडी मागवण्याच्या निमित्ताने वॅलेपाशी आले होते. वॅले त्या कामात गुंतला असताना त्यांच्यापैकी एकाने टेबलावरची झेनची किल्ली उचलली आणि फाटकावरच्या रखवालदाराला न जुमानता गाडी पळवली. विमा कंपनीने मालकाला २,८०,००० रुपये दिले आणि मग ती रक्कम हॉटेलकडून वसूल करण्यासाठी मालकासह ग्राहक आयोगात तक्रार केली.

हॉटेलचा मुख्य बचाव पावतीवर छापलेली अट हा होता. गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर ठेवली आहे आणि चोरी किंवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, असा तिचा आशय होता. न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हा बचाव नाकारला. इंग्लंडमधील कठोर जबाबदारीचा नियम न्यायालयाने स्वीकारला नाही, परंतु त्याच्या जागी जो नियम सांगितला तो पाहुण्याच्या खूपच उपयोगाचा आहे. गाडी सोपवली गेली होती एवढे पाहुण्याने दाखवले, की हॉटेल सकृद्दर्शनी जबाबदार ठरते. नुकसान आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे झाले नाही, हे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवर जातो. हा भार पार पाडल्यानंतरच छापील अटीचा विचार होऊ शकतो, आणि झालेली हानी त्या अटीत बसते हेही हॉटेललाच दाखवावे लागते. स्वतःच्या निष्काळजीपणापासून छापील अटीने सुटका करून घेता येत नाही. पार्किंग मोफत होते हा मुद्दाही टिकला नाही, कारण त्याचा खर्च हॉटेल खोलीच्या, जेवणाच्या आणि इतर सेवांच्या दरांतून वसूल करतच असते.

या निकालाची मर्यादाही सांगायला हवी. तो वॅलेकडे दिलेल्या गाडीबद्दल आहे. पाहुण्याने स्वतः गाडी लावली आणि किल्ली खिशात ठेवली असेल, तर ती केवळ जागा वापरण्याची परवानगी ठरू शकते आणि सोपवणे सिद्ध करणे कठीण जाते. बॅगा, दागिने, कपडे यांना कलम १५१ लागू होतेच, परंतु ताबा हॉटेलकडे गेला होता हे प्रत्येक प्रकरणात वेगळे दाखवावे लागते.

आपली वस्तू कुठे होती, हे आधी ठरवा

तक्रारीचा कागद लिहिण्यापूर्वी आपले प्रकरण पुढीलपैकी कशात बसते ते पाहावे.

सर्वांत बळकट प्रकरण म्हणजे वस्तू हॉटेलच्या माणसाच्या हाती रीतसर दिली होती ते. रिसेप्शनच्या तिजोरीत पावती घेऊन ठेवलेले दागिने, खोली सोडल्यानंतर संध्याकाळच्या गाडीपर्यंत क्लोक रूममध्ये ठेवलेल्या बॅगा, वॅलेकडे दिलेली गाडी, बेलबॉयने दारातून उचलून नेलेली सुटकेस आणि लॉण्ड्रीला दिलेले कपडे हे सगळे यात येते. इथे पावती, टोकन किंवा टॅग हा अर्धा खटला असतो.

त्याखालोखाल येते बंद खोलीतून गेलेली वस्तू. खोली पाहुण्याच्या वापरात असते, पण तिची दुसरी किल्ली हाउसकीपिंगकडे आणि मास्टर किल्ली व्यवस्थापकाकडे असते, त्यामुळे ताबा पूर्णपणे कोणा एकाचा म्हणता येत नाही. माझ्या मते अशा प्रकरणात ‘तुम्ही माझी वस्तू सोपवून घेतली होती’ या युक्तिवादावर सगळा भर देणे चूक आहे. त्यापेक्षा सेवेतील उणीव ठोसपणे दाखवावी. कडी मोडलेली होती आणि तसे आधी कळवले होते, बाल्कनीचे दार बाहेरून उघडत होते, आधीच्या पाहुण्याचे कार्ड रद्द केलेले नव्हते, मजल्यावरचा कॅमेरा बंद होता, ओळख न विचारता कोणालाही दुसरी किल्ली दिली गेली, अशा एखाद्या वस्तुस्थितीवर प्रकरण उभे राहते. खोलीतल्या छोट्या डिजिटल तिजोरीचेही असेच आहे. तिचा आकडा पाहुणा ठरवतो, म्हणून हॉटेल ताबा नाकारते. परंतु ती उघडणारा मास्टर आकडा कोणाकडे होता आणि तो कधी वापरला गेला, ही माहिती हॉटेलकडेच असते आणि ती मागितलीच पाहिजे.

सर्वांत दुबळे प्रकरण म्हणजे सार्वजनिक जागेत आपल्याच जवळ असलेली वस्तू. नाश्त्याच्या टेबलावर ठेवलेला मोबाइल, पोहायला जाताना खुर्चीवर टाकलेले पाकीट, लॉबीत पायाशी ठेवलेली पर्स अशी ती प्रकरणे. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या एका प्रकरणात असे म्हटले की प्रवाशाने स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात बाळगलेली रोख रक्कम चोरीला गेली, तर ती रेल्वेच्या सेवेतील उणीव म्हणता येत नाही. ते प्रकरण हॉटेलचे नव्हते, तरी हॉटेलचे वकील त्याचा आधार घेऊ शकतात, याची तयारी ठेवावी.

लग्नाच्या वऱ्हाडाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सर्वाधिक सोने हॉटेलात उतरते ते लग्नातच. वधूपक्षाच्या खोलीची एकच किल्ली मावशी, आत्या, मेकअपवाली, फोटोग्राफर आणि फुलवाला अशी दिवसभर फिरत असते. दागिन्यांचा डबा त्या खोलीच्या कपाटात असतो आणि विधींच्या वेळी खोलीत कोणीच नसते. असा डबा गेला, तर खोलीत कोण कोण येऊन गेले हेच कुटुंबाला सांगता येत नाही, आणि हॉटेलचा निष्काळजीपणा दाखवणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे मंगल कार्यालय किंवा हॉटेल ठरवतानाच मौल्यवान वस्तूंसाठी रिसेप्शनच्या तिजोरीची सोय आहे का ते विचारावे, तिची अट करारात लिहून घ्यावी आणि घरातल्या एकाच जबाबदार व्यक्तीने ठेवण्याचे आणि काढण्याचे काम सही करून करावे. यजमानांना हे रुक्ष वाटेल, पण त्या गडबडीत पुरावा म्हणून उरते ती ही एक सहीच.

पाटी, पावती आणि नियमावली

‘मालक जबाबदार नाही’ अशी पाटी बहुतेक लॉजमध्ये असते. ती निरर्थक नसते, पण अखेरचा शब्दही नसतो. पाहुण्याला सावध करणे आणि तिजोरीची सोय कळवणे एवढे काम ती करते; आणि सोय असल्याचे कळूनही पाहुण्याने दागिने उशीखाली ठेवले असतील, तर त्याच्या भरपाईत कपात होऊ शकते. पण हॉटेलच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर ती पांघरूण घालू शकत नाही.

जबाबदारीची रक्कम मर्यादित करणाऱ्या अटींकडेही तसेच पाहावे. लॉण्ड्रीच्या यादीमागे बारीक अक्षरांत धुलाईच्या दराच्या ठरावीक पटीइतकीच भरपाई मिळेल असे लिहिलेले असते. मद्रास उच्च न्यायालयापुढे लिली व्हाइट या लॉण्ड्रीचे असेच प्रकरण आले होते. हरवलेल्या साडीसाठी बाजारभावाच्या निम्मीच रक्कम देऊ, ही पावतीवरची अट न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवून मानली नाही. अशी अट मान्य केली तर नवे कपडे हरवणेच धंदेवाल्याच्या फायद्याचे ठरेल, हा त्यामागचा विचार आजही पटणारा आहे. त्यात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल करणाऱ्या एकतर्फी अटींना राज्य आयोगात आव्हान देता येते.

खोली घेताना

महाग वस्तूंचे फोटो प्रवासाला निघण्यापूर्वी काढून ठेवावेत, आणि सोन्याच्या पावत्या, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, लॅपटॉपचा अनुक्रमांक एका ठिकाणी नोंदवावा. खोलीत शिरल्याबरोबर कडी, खिडक्या, बाल्कनीचे दार आणि तिजोरी तपासावी. काही मोडलेले आढळले तर तोंडी न सांगता रिसेप्शनच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर फोटोसह कळवावे. कारण चोरीनंतर ‘कडी मोडकीच होती’ असे सांगणे आणि चोरीपूर्वीच्या संदेशाने ते दाखवणे, यांत फार अंतर आहे. रिसेप्शनला मौल्यवान वस्तू देताना पाकिटावर नुसते ‘एक सीलबंद पाकीट’ असे न लिहिता आतल्या वस्तूंचे वर्णन आणि अंदाजे किंमत लिहावी. काळजीची पातळी वस्तूच्या किमतीवर ठरत असल्यामुळे, किंमत न सांगता ठेवलेल्या डब्यासाठी हॉटेलला लाखोंच्या सोन्याइतके जबाबदार धरणे आयोगालाही अवघड जाते.

वस्तू गेल्याचे लक्षात आल्यावर पहिले काही तास

खोलीतील सामान हलवू नये आणि आहे त्या स्थितीचे फोटो घ्यावेत. ड्यूटी मॅनेजरला बोलावून लेखी तक्रार द्यावी आणि प्रतीवर वेळेसह पोच घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला, तर तोच मजकूर त्याच वेळी ईमेलने पाठवावा. तक्रारीत वस्तू, ती शेवटची कधी आणि कुठे पाहिली, खोलीबाहेर असल्याचा कालावधी आणि संशयाचे कारण एवढेच असावे. रागाच्या भरात एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव घालून त्याला चोर म्हणू नये. ते चुकीचे निघाल्यास एका निर्दोष माणसाच्या पोटावर पाय येतो आणि आपल्या तक्रारीचे वजनही घटते.

याच कागदात तीन गोष्टी जपून ठेवण्याची मागणी करावी. पहिली, मजल्याचे आणि लॉबीचे सीसीटीव्ही चित्रण, ठरावीक तारीख आणि तासांसह. दुसरी, इलेक्ट्रॉनिक कुलपाची नोंद, जिच्यात कोणत्या कार्डाने दार केव्हा उघडले हे असते. तिसरी, त्या दिवशीची हाउसकीपिंगची नोंदवही. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ही मागणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. मागणी लेखी असूनही चित्रण पुसले गेले, तर हॉटेलला त्याचे उत्तर द्यावे लागते आणि ते सहसा सोपे नसते.

पोलीस

चोरीचा संशय असेल, तर ‘गहाळ’ म्हणून नोंद करून समाधान मानू नये. गहाळ वस्तूचा दाखला कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठी उपयोगी पडतो, तपासासाठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, माणसांच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठी कलम ३०५ आहे, आणि नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ आहे. शेवटच्या दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. गोव्यातल्या हॉटेलात दागिने गेल्याचे पुण्यात बॅग उघडल्यावर कळले, तर पुण्यातही गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे संबंधित ठाण्याकडे जातो. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती पाठवावी, आणि तिथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

पोलीस तपास आणि भरपाई या दोन स्वतंत्र वाटा आहेत. चोर सापडला नाही म्हणून हॉटेलची जबाबदारी संपत नाही, आणि गुन्हा नोंदवला म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही.

चोरी नव्हे, नुकसान

गळक्या एसीखाली ठेवलेली पैठणी डागाळली, ट्रॉलीवरून पडून कॅमेऱ्याची लेन्स फुटली, इस्त्रीने सूट जळाला, गोदामात उंदरांनी बॅग कुरतडली. अशा प्रकरणांत वस्तू समोर असते हा मोठा फायदा आहे, आणि तो बहुतेक जण वस्तू दुरुस्त करून किंवा टाकून देऊन गमावतात. आधी त्याच जागी फोटो घ्यावेत, मग अधिकृत दुरुस्ती केंद्राकडून किंवा जाणकार दुकानदाराकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, आणि दावा निकाली निघेपर्यंत वस्तू जपून ठेवावी. मागणी करताना वापराने झालेली घट धरावी. चार वर्षे वापरलेल्या सूटकेससाठी नव्या सूटकेसची किंमत मागितली, तर उरलेल्या रास्त मागणीवरही संशय येतो.

मालकाच्या बाजूने

वाचकांत लॉज, होमस्टे किंवा लहान हॉटेल चालवणारेही असतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की पाटी मोठी करण्यापेक्षा नोंदवही नीट ठेवण्याचा उपयोग जास्त होतो. खटल्यात मालकाला ‘मी समंजस माणसाइतकी काळजी घेतली’ हे सिद्ध करायचे असते, आणि ते कागदावरच सिद्ध होते. मास्टर किल्ली कोणी कधी घेतली, क्लोक रूममधील बॅग कोणत्या टोकनवर कोणाला दिली, तक्रार आल्यावर चित्रण कोणी वेगळे काढून ठेवले, नव्या कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी कधी झाली, याच्या नोंदी असल्या पाहिजेत. वॅलेच्या किल्ल्या उघड्या टेबलावर असू नयेत; वर सांगितलेल्या खटल्यात वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वादाचे मूळ त्या टेबलावर होते. चित्रण पुरावा म्हणून द्यायचे असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, हेही व्यवस्थापकाला माहीत असावे.

पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूबद्दल बहुतेकांचा समज असा असतो, की ती खोली सोडल्यावर कोणाचीच उरत नाही. करार कायद्याचे कलम ७१ याच्या उलट सांगते. दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर सोपवून घेणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणून तारीख, खोली क्रमांक, वस्तूचे वर्णन आणि ती सापडलेल्या कर्मचाऱ्याचे नाव लिहून ती वेगळी ठेवावी आणि पाहुण्याला नोंदणीतील क्रमांकावर कळवावे. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडे ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो.

मागणीची नोटीस

हॉटेलने दाद दिली नाही, तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवावी. वकिलाकडूनच पाठवली पाहिजे असे नाही. तिच्यात मुक्कामाच्या तारखा, बिल क्रमांक, वस्तू कशी सोपवली किंवा खोलीत कोणती उणीव होती, दिलेल्या तक्रारीची तारीख, मागितलेली रक्कम वस्तूनिहाय आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत असावी. ऑनलाइन मंचावरून आरक्षण करून पैसे त्यालाच दिले असतील, तर नोटीस त्यालाही पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही याच सुमारास तक्रार नोंदवता येते; कधी कधी प्रकरण तिथेच मिटते. वस्तूचा प्रवास विमा किंवा गाडीचा विमा असेल, तर विमा कंपनीला मात्र पहिल्याच दिवशी कळवावे, कारण उशिरा कळवण्यावरून ती दावा अडवू शकते.

ग्राहक आयोगात तक्रार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निवास आणि भोजन यांचा ‘सेवा’ या व्याख्येत स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते, ही या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. मनालीतल्या हॉटेलविरुद्ध नाशिकमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला नाशिकमध्येच दाद मागता येते.

कोणता आयोग, हे वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी डिसेंबर २०२१ पासून आहे, आणि मोबदल्यावर आधारलेली ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. म्हणजे आठ हजारांच्या खोलीतून आठ लाखांचे दागिने गेले, तरी तक्रार जिल्हा आयोगातच होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल करता येते आणि स्वतःची बाजू वकिलाशिवाय मांडता येते.

तक्रारीसोबत बिल, आरक्षणाची पावती, टोकन किंवा टॅग, लेखी तक्रारीची पोच, प्रथम माहिती अहवाल, वस्तूंच्या खरेदीचे पुरावे, नोटीस आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. सीसीटीव्ही, कुलपाची नोंद आणि हाउसकीपिंगची वही सादर करण्याचा आदेश हॉटेलला द्यावा, असा अर्ज सुरुवातीलाच करावा. हॉटेलला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस वाढवू शकतो. त्यापुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखालच्या अशाच तरतुदीबाबत स्पष्ट केले आहे. वस्तूची किंमत, व्याज, मनस्ताप आणि खर्च यांची मागणी वेगवेगळी मांडावी. मनस्तापासाठी अवाच्या सवा आकडा लिहिण्याने काही साधत नाही. आयोगाचे कामकाज संक्षिप्त स्वरूपाचे असल्याने पुष्कळ साक्षीदारांच्या उलटतपासणीची गरज असलेले प्रकरण तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो. म्हणून तक्रार कागदोपत्री पुराव्यावर उभी करावी आणि कटाचे आरोप टाळावेत.

परदेशात मुक्काम असेल, तर हे सगळे गणित बदलते. इंग्लंडमध्ये १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स अॅक्टनुसार हॉटेलने ठरलेली सूचना लावली असेल, तर जबाबदारी एका वस्तूला ५० पौंड आणि एका पाहुण्याला एकूण १०० पौंड एवढीच राहते. हॉटेलची चूक असेल किंवा वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी सोपवली असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. जर्मनीत मर्यादा खोलीच्या एका दिवसाच्या दराच्या शंभरपट, किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो आहे, रोख आणि मौल्यवान वस्तूंसाठी ती ८०० युरोंवर थांबते, आणि नुकसान कळताच विलंब न करता कळवले नाही तर हक्क जाऊ शकतो. युरोपला निघालेल्या आपल्या मंडळींनी सोने रिसेप्शनला सोपवून पावती घेण्याचे महत्त्व इथे आणखी वाढते.

आदेश मिळाल्यानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि रक्कम देण्याचा आदेश झालेल्या हॉटेलला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत अशी स्थिती आली, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करावा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ नुसार आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते, आणि कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५,००० ते १,००,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत, हॉटेलला आदेश पोहोचल्याचा पुरावा आणि व्याजासह थकीत रकमेचा तारीखवार हिशेब जोडावा.